बहिऱ्यांच्या मास्तरांचे मास्तर

मिशीपासून सुरुवात करते, कारण आमच्या वर्गातला पहिला तंटा मिशीवरूनच झाला.

पहिल्याच आठवड्यात खानापुरे सर वर्गात आले, खडूने टेबलावर टकटक केली आणि पुरुष विद्यार्थ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवून म्हणाले, "उद्यापासून मिश्या उतरवून यायचं. बहिरं लेकरू तुमचे ओठ वाचतंय. ओठावर छप्पर टाकून बसलाव, तर ते वाचणार काय?"

हा वर्ग विशेष शिक्षणाच्या बी.एड.चा. म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी शिक्षक तयार करणारी पदवी. लातूरबाहेर नांदेड रस्त्याला एका संस्थेची दोन मजली इमारत होती. खाली कर्णबधिर मुलांची निवासी शाळा, वर आमचं कॉलेज. आम्ही वर शिकायचं आणि खाली जाऊन त्या मुलांवर सराव करायचा, अशी सोय. मी नायगावची. साध्या बी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून इथे आले होते, आणि वर्गातले बहुतेक जण याच वाटेने आलेले होते. सरांना ते ठाऊक होतं. "चुकून आलेल्या माणसांवरच हा गाडा चाललाय," ते म्हणायचे. "मीबी चुकूनच आलो. फक्त परत गेलो न्हाई."

तर मिशी. आमच्याकडे बाप गेल्याशिवाय मिशी उतरत नाही. देगलूरकडचा गजानन उठून म्हणाला, "सर, माझे वडील हाईत अजून."

"असू द्या की. शंभर वर्षं राहू द्या. लेकराला त्याचं काय?"

गजाननने कुरकुर करत अखेर उतरवली आणि शनिवारी गावी गेला. फाट्यावर एसटीतून उतरताना ओळखीच्या एकाने त्याचा तुळतुळीत ओठ पाहिला आणि काही न विचारता गावाकडे सायकल दामटली. गजाननचे वडील त्या दिवशी नांदेडला बाजाराला गेले होते. तिकडेच काहीतरी झालं असणार आणि पोराला आधी कळलं असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. गजानन घरी पोचला तेव्हा अंगणात आयाबायांची रडारड सुरू होती. संध्याकाळी वडील भाजीची पिशवी घेऊन आले, ते स्वतःच्याच सुतकात.

सोमवारी ते पोराला घेऊन थेट कॉलेजवर आले. "मला जित्तेपणी मारणारा मास्तर कोणता?" त्यांनी दारातूनच विचारलं.

सरांनी त्यांना चहा पाजला आणि खालच्या शाळेतून गंगासागरला बोलावून घेतलं. गंगासागर आठ-नऊ वर्षांची, भोकरकडच्या एका खेड्यातली, जन्मापासून ऐकू न येणारी. तिला त्यांच्यासमोर बसवून सर म्हणाले, "मालक, हिला पाणी मागा. आवाज काढू नका, नुसते ओठ हलवा." मालकांनी ओठ हलवले. झुपकेदार मिशी वरखाली झाली, इतकंच. पोरगी बघत राहिली आणि मग तिने सरांकडे पाहिलं. सर उठले, आणि भर वर्गात त्यांनी त्या माणसाची मिशी दोन बोटांनी वर धरली. "आता मागा." पोरगी पळत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.

गजाननचे वडील बराच वेळ हातातल्या तांब्याकडे बघत बसले. जाताना म्हणाले, "ह्याची काढली ते बरं केलाव. माझी मात्र मागू नका."

सर अंगाने किरकोळ होते. उदगीरच्या कापडवाल्या लिंगायत घरातले. शर्टाच्या आत गळ्यात लिंग, कपाळावर सकाळी लावलेल्या विभूतीच्या रेघा, त्या दुपारपर्यंत घामाने अर्ध्या पुसलेल्या. पान नाही, सुपारी नाही, तंबाखू नाही. यात धर्म कमी आणि धंदा जास्त. तोंडात काही असलं की ओठ खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. चहाच्या टपरीवर उभे असले तरी ते आधी ऊन कुठून येतंय ते बघायचे आणि तोंडावर उजेड पडेल असे वळून मग बोलायचे. "तोंड उजेडात ठेवा" हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की माझं लग्न ठरताना मुलाकडची मंडळी आली तेव्हासुद्धा मी सरकत सरकत खिडकीकडे तोंड करून बसले होते. सासूबाई अजून तो किस्सा सांगतात.

त्यांची दुसरी खोड म्हणजे मागून बोलणं. जिन्यात, व्हरांड्यात, जेवणाच्या रांगेत ते मागे येऊन उभे राहायचे आणि तोंडावर हात धरून हळूच म्हणायचे, "आज सुट्टी हाय." आपण वळलो की म्हणायचे, "कान चांगला हाय. चला." पहिले काही दिवस आम्हाला ते विक्षिप्त वाटले. मग त्यांनी कारण सांगितलं. खेड्यापाड्यात मूल ऐकतं की नाही हे बघायला लोक ताट वाजवतात, पाय आपटतात. जमिनीची थरथर जाणवून मूल वळतं आणि आई म्हणते, ऐकतंय की माझं लेकरू. तेवढ्यात तीन-चार वर्षं निघून जातात. "यंत्र तुमच्या गावात येणार न्हाई," सर म्हणायचे. "तुम्ही जाणार. मागं जायचं, सावली पडू द्यायची न्हाई, पाय वाजवायचा न्हाई. आन् नाव घेऊन हाक मारायची न्हाई. नावाला लेकरं रुसतात, मुद्दाम वळत न्हाईत. त्याला ज्याची आस लागलीय ते बोला. आस लागलेल्या गोष्टीला कान असलेलं लेकरू वळल्याबिगर ऱ्हात न्हाई."

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांच्या कानांत कापूस कोंबला, तोंडाला कुलूप लावायला सांगितलं आणि लातूरच्या गंजगोलाई बाजारात एकेक वस्तू आणायला पाठवलं. मला सुतळी आणायची होती. दुकानदाराने माझ्या हातवाऱ्यांवरून आधी दोरी दाखवली, मग वेणीचा गोंडा, मग जानवं. शेजारचं गिऱ्हाईक काहीतरी बोललं. दुकानदाराच्या चेहऱ्यावर कीव आली आणि त्याने मला एक केळं दिलं. मी केळं घेऊन परत आले आणि रडले. सर म्हणाले, "रडा. पण लक्षात ठेवा, तुम्ही आज संध्याकाळी कापूस काढणार हाव."

त्यांच्या थोरल्या भावाचं त्यांनी एकदाच सांगितलं. बसवण्णा नाव. जन्मतः बहिरा. घरात कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळे त्याला येडा म्हणत. बहिरा म्हटलं तर घराण्याला डाग, येडा म्हटलं तर देवाची मर्जी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्याला पुढे येऊ देत. तो कापडाचा तागा उलगडायचा, मापायचा, घडी घालायचा आणि मालाचा पोत बोटांनी ओळखायचा. गिऱ्हाईक आलं की त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत पाठवत. जन्मभर तो माणूस त्या खोलीत जात-येत राहिला आणि तिथेच संपला. "अक्कल त्याला होती," सर म्हणाले. "भाषा न्हवती. ती आम्ही दिली न्हाई. आन् न दिल्याचं बिल त्याच्या अकलेवर फाडलं." एवढं बोलून त्यांनी फळा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

आमच्या पदवीबद्दल त्यांचं मत तिखट होतं. दर काही वर्षांनी बाहेरून एक समिती येई, कॉलेजची तपासणी करी आणि मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवी. समिती खोल्या बघे, ग्रंथालय बघे, श्रवणयंत्रं बघे. सर म्हणायचे, "डिग्री कशी हाय हे खोल्यांवरून कळत न्हाई. ह्या डिग्रीनं तयार झालेल्या मास्तरानं शिकवलेलं लेकरू अनोळखी माणसाच्या दारात गेलं, पाणी म्हणालं, आन् त्याला पाणी मिळालं, तर डिग्री पास. न्हाई मिळालं तर नापास. बाकी सगळी रंगरंगोटी." पण हेही खरं की या पदवीवर त्यांचा जीव होता. उदगीर, देगलूर, किनवट, इस्लापूर, कुठल्याच बाजूला बहिऱ्या मुलांना शिकवणारं माणूस नव्हतं. दर तालुक्यात आपला एक विद्यार्थी जाऊन बसेल, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. वर्गात ते नकाशा लावून कुठे कोण जाणार हे बोट ठेवून सांगत. माझ्या नायगाववर त्यांचं बोट नेहमी जरा जास्त वेळ थांबायचं.

मग दुष्काळ आला. आला म्हणण्यापेक्षा, जो दोन-तीन वर्षं दारात बसून होता तो घरात शिरला. लातूर शहराला रेल्वेने पाणी आणायची पाळी आली ते वर्ष. आमच्या बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. वसतिगृह चालवायचं कसं? पालक एकेक करून मुलांना घेऊन गेले. वर आमचे तास चालत आणि खाली शाळा रिकामी, बेंचवर धूळ. राहिली फक्त गंगासागर. तिचे आई-बाप तेलंगणात वीटभट्टीवर गेले होते आणि तिला न्यायला कुणी नव्हतंच. स्वयंपाकीण महबूबबी मौसीने तिला आपल्याजवळ ठेवून घेतलं. मौसी म्हणायची, "छोरी के वास्ते एक घागर तो मैं कहीं से भी लाऊंगी. तुम लोगां अपना देखो."

त्याच उन्हाळ्यात समिती येणार असं कळलं.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे दादा. दादांना त्या काळात नव्या जिल्ह्याने झपाटलं होतं. उदगीर जिल्हा होणार, आज ना उद्या होणारच, मोर्चे निघत होते, बंद पाळले जात होते आणि प्रत्येक मोर्च्याच्या पहिल्या रांगेत दादा. जिल्हा झाला की तिथे असंच दुसरं कॉलेज टाकायचं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी इथली मान्यता टिकणं भाग होतं. सर एकदा त्यांना तोंडावर म्हणाले होते, "जिल्हा होईल दादा, कलेक्टर येईल, एसपी येईल. बहिऱ्याचा मास्तर कोण आणणार?" दादा हसून म्हणाले, "तुम्ही हाव की."

समिती यायच्या आदल्या दिवशी दादांनी सरांना बोलावलं. आम्ही बाहेर व्हरांड्यातच होतो, दार उघडं होतं. दादांचा बेत साधा होता. पलीकडच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेची मुलं आणायची, त्यांना आपला गणवेश आणि गळ्यात श्रवणयंत्रं घालायची आणि बसवायची. बदल्यात वस्तीला एक टँकर पाणी. वस्ती तयार होती. त्या दिवसांत टँकरसाठी वस्ती कशालाही तयार झाली असती.

"दादा, त्या लेकरांना ऐकू येतंय," सर म्हणाले.

"म्हणूनच सांगायलो, कुणी हाक मारली तरी वळायचं न्हाई म्हणून पढवा त्यांना. एक दिवसाचा तर सवाल हाय. पाऊस पडला की तुमची खरी लेकरं येतीलच. पण मान्यता गेली तर कुठं येतील? तुम्हीच सांगा, सर. तुमच्या नकाशाचं काय?"

दादांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. सर खोलीतून बाहेर आले ते आमच्याकडे न बघता जिना उतरून गेले. खाली रिकाम्या वर्गात जाऊन बेंच पुसत बसलेले मी त्यांना पाहिलं. त्यांनी हो म्हटलं नव्हतं. नाही पण म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं बेताप्रमाणे झालं. वस्तीवरची मुलं तेल लावून, भांग पाडून, गळ्यात यंत्रांच्या डब्या अडकवून बसली होती. गंगासागर पहिल्या रांगेत. नवी इतकी मुलं बघून ती हरखली होती आणि प्रत्येकाशी खुणा करून बघत होती. ती मुलं दादांच्या माणसांनी पढवल्याप्रमाणे पुढे बघत बसली होती. आम्ही विद्यार्थी भिंतीला लागून उभे. समितीच्या प्रमुख एक वयस्क मॅडम होत्या, आणि त्यांच्याबरोबर जाड चष्म्याचे, भरघोस मिशीचे एक प्राध्यापक. गजाननने फळांचा पाठ घेतला. आंबा दाखवला की वर्ग म्हणे आंबा, पेरू दाखवला की पेरू. असे स्पष्ट उच्चार त्या खोलीत कधी उमटले नव्हते. मुलांना ऐकू येत होतं, उमटतील नाही तर काय. प्राध्यापक खूश झाले. त्यांनी एकेका मुलाला नाव विचारलं, गाव विचारलं. "वाणी-प्रशिक्षणाचा असा निकाल मी या भागात पाहिला नव्हता," ते मॅडमना म्हणाले. दारात उभ्या दादांनी नम्रपणे मान लववली.

मग ते गंगासागरकडे आले. खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे तोंड पूर्ण अंधारात. त्यात ती मिशी. वर हातातलं पेन ओठांशी. "बाळ, तुझं नाव काय?" गंगासागर त्यांच्या तोंडाकडे जीव एकवटून बघत होती. तिला काहीच वाचता येत नव्हतं. तिने अंदाज बांधला. मोठ्या माणसांना बहुधा एकच गोष्ट हवी असते असं तिला त्या उन्हाळ्याने शिकवलं असावं. ती म्हणाली, "पाई." पाण्याचा तिचा शब्द तेवढाच होता. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा म्हटलं, "पाई," आणि उठून तांब्याकडे निघाली.

प्राध्यापकांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. वाईट माणूस नव्हता तो. कीव होती त्याच्या आवाजात, गोलाईतल्या दुकानदाराची होती तशीच. "ही मुलगी मंदबुद्धी दिसते," ते म्हणाले. "हिला या मुलांमध्ये कशाला ठेवलंय? इतकी हुशार मुलं आहेत. ही मागे खेचेल त्यांना."

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची विभूती घामाने उतरली होती. ते जागचे हलले आणि भिंतीकडेने, पाय न वाजवता, वर्गाच्या मागे गेले. तोंडावर हात धरला. शेजाऱ्याशी बोलावं इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, "टँकर आलं."

सगळा वर्ग वळला. काही मुलं तर उठून खिडकीशी गेलीसुद्धा. एक पोरगी यंत्राची वायर बेंचला अडकवून तशीच ओढत निघाली. बसून राहिली एकटी गंगासागर. मागे काय झालं ते तिला कळलंच नाही. ती समोरच्या तांब्याकडेच बघत होती.

"साहेब," सर पुढे येत म्हणाले, "हिची अक्कल कमी न्हाई. ह्या खोलीत बहिरी ही एकटीच हाय. बाकीची लेकरं वस्तीवरची हाईत. त्यांना ऐकू येतंय."

मॅडमनी हातातली वही मिटली. त्या म्हणाल्या, "सर, हे तुम्ही आमच्यासमोर बोललात. आता ते आम्हाला बाजूला ठेवता येणार नाही. हा अभ्यासक्रम बंद होईल, याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

"हाव."

"तुमचे हे विद्यार्थी?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून झेपत नाही. मग ते म्हणाले, "हिला येडी ठरवून कोर्स पास होत असंल, तर मॅडम, आम्ही शिकवायलाव काय? माझ्या घरात हे एकदा झालंय."

समिती गेली. दादा तडक गाडीत जाऊन बसले. सर वस्तीवरच्या मुलांसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "लेकरांनो, टँकर न्हाई आलं. मी लबाड बोललो. मला माफ करा." मुलांना माफीशी देणंघेणं नव्हतं. एकाने विचारलं, "मग कवा येणार?"

टँकर आलंच नाही. संध्याकाळी वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फाटकाशी आल्या. सर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि काय झालं ते सगळं सांगू लागले. एक म्हातारी मध्येच म्हणाली, "ते खरं आसंल, सर. पर तुमच्या खऱ्यानं घागर भरती का?" सर हात जोडून उभे राहिले आणि बाया निघून गेल्या.

मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला. आजही तो पुरता गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. कॉलेज बंद झालं. आमची परीक्षा लटकली. पुढे नांदेडच्या एका कॉलेजात आम्हाला सामावून घेतलं, पण निम्म्या मुलींची लग्नं उरकली होती. गजानन सासऱ्याच्या हॉटेलवर बसला. त्याची मिशी परत आली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खालची शाळाही त्याच संस्थेची, तीही बंद झाली. पाऊस पडला तेव्हा परत यायला मुलांना जागाच उरली नव्हती. जिच्यासाठी सरांनी हे केलं ती गंगासागर भोकरकडे आपल्या गावी गेली. तिथे तिला शिकवायला कुणीही नव्हतं. महबूबबी मौसी तिला सोडायला गेली होती. परत आल्यावर म्हणाली, "सर सच्चे हैं, मगर छोरी का क्या?" हा प्रश्न मी स्वतःला किती तरी वेळा विचारला आहे. सर गप्प राहिले असते तर? काही खोट्या मुलांच्या आड काही खरी मुलं पुढची कित्येक वर्षं शिकली असती. आणि पोरीच्या कपाळावर मंदबुद्धीचा शिक्का बसला असता. दोन्हीकडून हात पोळतो.

नंतर ऐकलं की सर नांदेडला एका खोलीत राहतात. उदगीरच्या दुकानात परत ये म्हणून भाऊबंदांनी निरोप धाडले होते, ते गेले नाहीत.

मला ते शेवटचे दिसले भोकरच्या बसस्टँडवर. मी तेव्हा नांदेडला मुलांच्या कानांच्या तपासणीचं काम करायला लागले होते आणि किनवटच्या गाडीची वाट बघत होते. रविवार होता. ऊन मरणाचं. रसवंतीशेजारच्या हॉटेलपासून थोड्या अंतरावर ते उभे दिसले. अंगात तोच पांढरा शर्ट, पण मानेशी सैल झालेला. मी जवळ गेले. त्यांनी ओळखलं, पण बोटाने मला थांबवलं. "जरा गप ऱ्हावा. परीक्षा चालू हाय."

हॉटेलच्या काउंटरपुढे गंगासागर उभी होती. उंच झाली होती, परकर-पोलक्यात. सर दर रविवारी एसटीने तिच्या गावी जात आणि तिथून तिला इथे स्टँडवर घेऊन येत. हे मला मागाहून कळलं, पण परीक्षा कसली ते तिथेच समजलं. कारण सरांनी तिच्याकडे पाठ केली होती. तिने मदतीसाठी मागे बघितलं तर त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून. माणसांच्या मागे जाऊन बोलणारा हा माणूस आता पाठ फिरवून, मान खाली घालून नुसता ऐकत होता.

"पाई," गंगासागर म्हणाली.

हॉटेलवाला म्हणाला, "काय पाहिजे गं? वडा?"

तिने मागे पाहिलं. सरांची पाठ. ती पुन्हा काउंटरकडे वळली. "पाई." हॉटेलवाल्याने आमच्याकडे बोट करून विचारलं, "ह्यो संगं हाय का तुझ्या? काय म्हणती हो ही?" मी तोंड उघडणार तोच सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. पाठीवर शर्ट घामाने चिकटला होता.

मग ती जरा बाजूला सरकली. छपराच्या सावलीतून बाहेर आली आणि तोंड उजेडात धरलं. जीभ वळवून टाळूला लावली, ते मला उभ्या जागेवरून दिसलं. "पा... णी," ती म्हणाली. आवाज तुटका, जाड, पण शब्द पुरा होता.

"हां, पाणी व्हय," हॉटेलवाला म्हणाला आणि त्याने माठातून ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला.

माझे डोळे भरून आले. मी सरांना म्हणाले, "सर, पास झाली."

सर अजून पाठमोरेच होते. "तीनदा म्हणावं लागलं," ते म्हणाले. "तीनदा कोण ऐकून घेतं, बाई? दुसऱ्या दारात हाकलून देतील. नापास. ती न्हाई. मी." मग जरा थांबून म्हणाले, "नायगावचं काय? बसला का कुणी?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली.

माझी गाडी लागली. मी चढले आणि खिडकीशी जागा धरली. गंगासागरने पाणी पिऊन सरांच्या पाठीवर थोपटलं तेव्हा ते वळले, तिच्या हातातला रिकामा ग्लास घेऊन हॉटेलवाल्याला परत दिला आणि पलीकडच्या, ओळख नसलेल्या पानटपरीकडे बोट दाखवलं. ती पोट भरल्याची खूण करत नको म्हणाली. त्यांनी हात जोडले. ती निघाली. गाडी हलली तेव्हा मला शेवटचं दिसलं ते इतकंच की पोरगी टपरीकडे चालली आहे आणि सर भर उन्हात पुन्हा पाठ करून उभे आहेत.